गेट परीक्षेचं आणि गेट लॅबचं

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की डिफेन्सच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवाल्यांनाही भरपूर काम असतं, सगळेच काही बंदूक घेऊन उभे नसतात, तर त्यावर एवढ्या मेल आल्या की संपादक म्हणाले, काकू, या वेळचं सदर यावरच करून टाका. बहुतेक पत्रं नागपूरची. साहजिकच आहे म्हणा, इथे वायुसेनानगरला मेंटेनन्स कमांड, अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी, कामठीला गार्ड्सचं सेंटर, त्यामुळे प्रत्येक गल्लीत कोणाचे तरी मामा 'डिफेन्समध्ये' असतात आणि मामा नक्की काय करतात ते घरात कोणालाच सांगता येत नाही. मी स्वतः २७ वर्षं पुण्याच्या बाजूला एका लॅबच्या कॉम्प्युटर सेक्शनला काढली आणि रिटायर होऊन बजाजनगरला परत आले. तिथलं जे सांगता येतं ते सांगते.

प्रश्न: काकू, मी हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या फायनल इयरला आहे. प्लेसमेंटचं यंदा काही खरं नाही. रूममेट म्हणते का डीआरडीओत (संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत) ग्रॅज्युएट अप्रेंटिस म्हणून लागलं की वर्षभरानं तिथंच परमनंट करून घेतात. बाबा म्हणतात सरकारी आहे नं, मग जाय. गेट, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांची ती परीक्षा, तिची तयारी पण थोडीफार करून राहिलो. काय करू?

उत्तर: रूममेटला माझा नमस्कार सांग आणि विचार, बाबा, असा परमनंट झालेला एक तरी पोरगा तू डोळ्यानं बघितलायस का. मी २७ वर्षांत एकही नाही बघितला. आमच्याकडे पासचे रंग वेगवेगळे असायचे, परमनंटवाल्यांचा एक, कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा दुसरा, अप्रेंटिसचा तिसरा, आणि नवीन पोरं पहिल्या दिवशी गळ्यात पास अडकवून घरी फोटो पाठवायला जायची तेव्हा लक्षात यायचं की मोबाइल तर गेटवरच जमा झालाय. तर तू आधी हा पासचा रंग समजून घे, जाहिरातीतलं बाकी सगळं नंतर वाच.

अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे, त्याप्रमाणे वर्षभर शिकवायचं आणि स्टायपेंड द्यायचा एवढंच त्यांच्याकडे बंधन, पुढे नोकरी द्यायचं बंधन नाही. २०१९ मध्ये पदवीधराचा किमान स्टायपेंड महिन्याला ९,००० ठरला होता, आता जाहिरातीत जो आकडा असेल तो बघ, पण पुण्यात पाषाणला खोली घेऊन मेस लावून त्यात भागवायचं म्हणजे घरून पैसे मागवावेच लागतील हे बाबांना आत्ताच सांगून ठेव. आणि अजून एक, एकदा अप्रेंटिसशिप केली की दुसरीकडे पुन्हा करता येत नाही, वर्षभराच्या वर नोकरीचा अनुभव झाला तरी घेत नाहीत, म्हणजे हे तिकीट एकदाच फाडता येतं. म्हणून कुठल्याही ऑफिसात डेटा एंट्री करण्यात ते घालवू नकोस. पुण्याची एआरडीई, अहिल्यानगरची व्हीआरडीई, अशा ठिकाणी कॉम्प्युटरच्या मुलांना घेतात, तिथे एखादा चांगला सायंटिस्ट भेटला तर त्या वर्षात तू जे शिकशील ते कॉलेजच्या चार वर्षांत नाही शिकलास. नाही भेटला तर झेरॉक्स काढशील. हे नशिबाचं आहे, खोटं कशाला बोलू.

परमनंट पाहिजे असेल तर रस्ता सायंटिस्ट बी. ही भरती आरएसी नावाची डीआरडीओची संस्था दिल्लीतून करते, कॉम्प्युटर सायन्सला बीई किंवा बीटेक फर्स्ट क्लास लागतं, गेटच्या स्कोअरवर इंटरव्ह्यूला बोलावतात, फायनल इयरवाले पण भरू शकतात. पगाराची लेव्हल १०, बेसिक ५६,१००, वर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे. म्हणजे तू 'थोडीफार' म्हणून जे गेट करून राहिला तेच खरं काम आहे आणि अप्रेंटिसचं नंतरचं. गेट फेब्रुवारीत असते, ६५ प्रश्न, १०० मार्क, ३ तास, त्यात १५ मार्क नुसत्या अ‍ॅप्टिट्यूडचे, जे आपली विदर्भातली पोरं 'ते येतंच' म्हणून सोडून देतात आणि मग तिथेच मार खातात. स्कोअर ३ वर्षं चालतो. एकदा चांगला पडला की तोच घेऊन पीएसयूच्या, म्हणजे सरकारी कंपन्यांच्या, जाहिराती भर, एमटेकला टाक, जेआरएफला टाक, एका परीक्षेत चार घरं.

जेआरएफचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. डीआरडीओच्या लॅब ज्युनिअर रिसर्च फेलो घेतात, बीटेक फर्स्ट क्लास अधिक गेट असलं की चालतं, २०२३ पासून फेलोशिप महिन्याला ३७,००० आहे, वर घरभाडं. नोकरी हीसुद्धा नाही, फेलोशिपच, पण काम सायंटिस्टच्या शेजारी बसून असतं. त्याचे इंटरव्ह्यू लॅबमध्येच होतात आणि आमच्या लॅबमध्ये पॅनलवर मी बरेचदा बसले आहे. एकदा एक मुलगा आला, आवडता विषय ऑपरेटिंग सिस्टिम म्हणाला, आम्ही खूश. पेज फॉल्ट म्हणजे काय विचारलं तर व्याख्या घडाघडा बोलला, अगदी कॉमासकट. मग मी म्हटलं, बरं, हा कागद घे, प्रोग्रामनं एक पत्ता मागितला आणि ते पान मेमरीत नाहीये, आता तिथून पुढे कोण काय करतं ते चित्र काढून दाखव. त्यानं प्रोसेसरचा चौकोन काढला, मेमरीचा काढला, मधे बाण काढला आणि पेन तसाच धरून बसला. पाच मिनिटं. शेवटी सरांनी चहा मागवला त्याच्यासाठी. पोरगं हुशार होतं हो, पण त्यानं कधी कागदावर काढूनच बघितलं नव्हतं. तू काढ. रोज एक विषय घे आणि मित्राला चित्र काढून समजव, त्याला समजलं नाही तर तुलाच समजलेलं नाही असं धर.

आणि लिनक्स शिक, नीट, टर्मिनलवरून. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं विंडोज काढून उबंटूवर बेतलेली माया नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बसवायला घेतली, ते बातमीत आलं, पण लॅबमध्ये लिनक्स त्याच्या फार आधीपासून आहे. सोबत सी, सी प्लस प्लस आणि नेटवर्किंग. वेबसाइट बनवता येते एवढ्यावर तिकडे कोणी भुलत नाही.

प्रश्न: माझं बीसीए झालंय, बीई नाही. म्हणजे डिफेन्सचं दार बंदच का? (कामठी)

उत्तर: बंद कशाला, दुसरं आहे. सायंटिस्ट बीला इंजिनिअरिंगची डिग्री लागते, तिथे डोकं आपटू नकोस. डीआरडीओचीच सेप्टम म्हणून भरती असते, त्यात सीनिअर टेक्निकल असिस्टंट, लेव्हल ६, बेसिक ३५,४००, ती बीएस्सी आणि डिप्लोमावाल्यांसाठी आहे, जाहिरातीत विषयापुढे तुझी डिग्री जशीच्या तशी लिहिलीय का ते बघ, 'त्याच्यासारखीच आहे' हे तिथे चालत नाही. नाहीतर बीसीएवर एमसीए कर, ६० टक्के राख, मग नेव्हीची आयटी शाखा उघडते. त्याबद्दल खाली एका ताईंनी विचारलंच आहे.

प्रश्न: मॅडम, माझं सिलेक्शन झालं आहे आणि आता अटेस्टेशन फॉर्म आला आहे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या गणपती मिरवणुकीत भांडण झालं, त्यात आमच्या सात-आठ जणांची नावं पोलिसांत गेली, नंतर मिटलं. घरचे म्हणतात फॉर्ममध्ये लिहू नको, कोणाला कळते. शिवाय मी गेल्या पाच वर्षांत पाच खोल्या बदलल्या, ते सगळे पत्ते लिहायचे का?

उत्तर: घरच्यांना म्हणावं, कळते. कळतेच. हा फॉर्म पोलिसांकडे जातो, तुझ्या ठाण्यातून रिपोर्ट येतो, आणि त्या फॉर्मच्या माथ्यावरच छापलेलं असतं की खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली तर अपात्र. लोक ती चौकट वाचतच नाहीत, सरळ नाव आणि वडिलांचं नाव भरायला घेतात. भांडणात नाव असणं हे एकवेळ समजून घेतलं जातं, लपवणं नाही. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अवतार सिंह यांच्या खटल्यात नेमकं याच विषयावर सविस्तर सांगून ठेवलंय, गुन्हा किरकोळ, वय लहान, असं असेल तर नोकरी देणाऱ्यानं विचार करून सोडून द्यावं असं त्यात आहे, पण खरं लिहिलं म्हणजे नोकरी पक्की असंही नाही, अधिकार त्यांचाच राहतो. तर तू ठाण्यात जाऊन आधी बघ की एफआयआर झाला होता की नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, कोर्टापर्यंत गेलं का, मिटलं म्हणजे कागदावर काय झालं. 'मिटलं' हा शब्द आपल्याकडे फार वापरतात, कागदावर तो नसतो. जे असेल ते फॉर्मच्या प्रश्नाला धरून लिही आणि एखाद्या वकिलाला एकदा दाखवून घे, दोन-पाचशे रुपये जातील.

पत्त्यांचं तर हसूच आलं मला, कारण आमच्या वेळी एका मुलीचं व्हेरिफिकेशन चार महिने अडलं होतं ते फक्त पत्त्यासाठी. ती प्रतापनगरला ज्या घरी राहायची तिथले घरमालक पोलिसांना म्हणाले, अशी कोणी राहतच नव्हती. खरं म्हणजे त्यांनी भाडं कुठे दाखवलंच नव्हतं म्हणून घाबरले बिचारे. इकडे पोरगी जॉइनिंग लेटरची वाट बघत बसली. तू पाचही पत्ते लिही, महिन्यासकट, आणि लिहायच्या आधी पाचही घरमालकांना जाऊन भेट, सांग की काका, पोलीस आले तर माझं नाव आठवू द्या. जाताना संत्रा बर्फी ने.

प्रश्न: माझी मुलगी आयटी इंजिनिअर आहे, पुण्याला चांगली नोकरी आहे, पण तिच्या डोक्यात नेव्हीचं आयटी बसलंय. घरात सगळे विरोधात. सासूबाई म्हणतात पोरगी समुद्रात जाईल, जाऊबाई म्हणतात लग्नाचं काय. मला स्वतःला काहीच माहिती नाही, कोणाला विचारावं कळत नाही. (मानेवाडा)

उत्तर: ताई, तुम्ही 'मला माहिती नाही' म्हणून विचारलंत, बाकीच्यांना माहिती नसूनही मत आहे, तेव्हा आधी तुम्हीच घरात माहीतगार होऊन टाका.

नेव्हीत शॉर्ट सर्व्हिस कमिशनमध्ये, म्हणजे ठराविक वर्षांच्या ऑफिसरच्या नोकरीत, एक्झिक्युटिव्ह शाखेत इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अशी एन्ट्री आहे, मुलंमुली दोघांनाही. बीई, बीटेक, एमएस्सी किंवा बीसीए-बीएस्सीनंतर एमसीए, ६० टक्के, शिवाय दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ६०. तिथेच आपल्याकडची कितीतरी पोरं अडकतात, बीटेकला ८० टक्के आणि दहावी, बारावी दोन्हीकडे इंग्रजी साठच्या खाली, म्हणून मार्कशीट आज रात्रीच काढून बघा. लेखी परीक्षा नसते, मार्कांवरून थेट एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीला, बोलावतात. ते पाच दिवसांचं असतं, पहिल्याच दिवशी अर्ध्याहून जास्त मुलं परत पाठवतात, उरलेल्यांची मानसशास्त्राची चाचणी, मैदानावरची ग्रुपची कामं आणि इंटरव्ह्यू. भोपाळचं केंद्र आलं तर आपल्याला सोयीचं, गाडीनं सहा-सात तास. त्या प्रकारच्या कमिशनसाठी पहिल्यांदाच जात असेल तर थर्ड एसीचं भाडं परत मिळतं, तिकीट टाकून देऊ नका म्हणावं, आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत.

निवड झाली की केरळात एळिमला इथे नेव्हल अ‍ॅकॅडमीत ओरिएंटेशन, मग पुढचं शाखेचं ट्रेनिंग. सब लेफ्टनंटच्या रँकवर सुरुवात, बेसिक तेच ५६,१०० आणि वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे. आता समुद्राचं म्हणाल तर सासूबाईंचं अगदीच चूक नाही, वर्दीतला आयटी ऑफिसर हा आधी नेव्हीचा ऑफिसर, कुठे पाठवतील तिथे जायचं, तिला जर आयुष्यभर कोडच लिहायचा असेल तर ही जागा तिची नाही. इथे नेटवर्क, सिस्टिम, त्यांची सुरक्षा आणि माणसं हे सगळं सांभाळायचं असतं आणि माणसं सांभाळणं हे त्यातलं सगळ्यात कठीण काम. पोळ्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून रडायचं नाही. हे तिला विचारा, कोणाच्या देखत नको, एकटीला.

लग्नाचं जाऊबाईंना एवढंच सांगा की भरतीला आणि ट्रेनिंग होईपर्यंत अविवाहित लागतं, नंतर कोणी अडवत नाही. मला विचाराल तर खरी काळजी वेगळी आहे आणि ती घरात कोणी काढलेली नाही. सुरुवातीला १० वर्षं, मग वाढवून जास्तीत जास्त १४. त्यानंतर ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. म्हणजे पस्तिशी-अडतिशीत ती पुन्हा बाजारात. तोपर्यंत तिच्याकडे नेतृत्वाचा अनुभव असेल, सिक्युरिटीचा असेल, कंपन्या अशांना घेतातही, पण तिनं मधल्या काळात सर्टिफिकेशन, एखादा एमटेक, असं काहीतरी चालू ठेवायला हवं. आणि वयाची अट पंचविशीच्या आसपास संपते, जन्मतारखेची चौकट प्रत्येक जाहिरातीत दिलेली असते, तेव्हा घरातली चर्चा दिवाळीपर्यंत लांबवू नका.

प्रश्न: मी संरक्षण खात्याच्या एका सार्वजनिक कंपनीत दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर इंजिनिअर होते. कॉन्ट्रॅक्ट संपतंय. मिहानमधल्या आयटी कंपन्यांना अर्ज केले तर इंटरव्ह्यूत विचारतात प्रोजेक्ट काय होता, गिटहबची, म्हणजे आपला कोड लोकांना दाखवायच्या वेबसाइटची, लिंक द्या. मी काय देऊ? सगळं आतच राहिलं. दोन वर्षं वाया गेली असं वाटून राहिलं.

उत्तर: हे पत्र मी तीनदा वाचलं. कारण हेच होतं आणि जाहिरातीत कोणी सांगत नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्रेनी इंजिनिअरच्या जाहिराती बघा, पहिल्या वर्षी ३०,०००, प्रोजेक्ट इंजिनिअरला ४०,०००, दरवर्षी पाच हजार वाढ, कमाल तीन-चार वर्षं, सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं, त्यांनी काही लपवलेलं नसतं. पण घरी पेढे वाटताना ती 'कमाल' वाली ओळ कोणी वाचत नाही. आणि बाहेर पडताना हातात काय असेल हे तर चोविशीतल्या मुलीला सुचणारच नाही.

तर आधी मर्यादा. प्रोजेक्टचं नाव, कशासाठी होतं, कुठे बसवलं, किती होते, हे रेझ्युमेत नाही, लिंक्डइनवर तर नाहीच नाही. १९२३ चा ऑफिशिअल सीक्रेट्स अ‍ॅक्ट कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून संपत नाही. इंटरव्ह्यू घेणारा कितीही गोड बोलला तरी नाही. आणि घाबरू नकोस, शांतपणे 'हे मी सांगू शकत नाही, पण कामाचा प्रकार सांगते' असं म्हटलेलं चांगल्या माणसाला आवडतंच, उद्या त्याच्या कंपनीचं गुपितही तू असंच सांभाळशील हे त्याला दिसतं.

मग प्रकार कसा सांगायचा. समज तू कुठल्यातरी यंत्रावरून येणारा डेटा दुसरीकडे पोचवायचं सॉफ्टवेअर लिहिलंस. 'इंटरनेट नसलेल्या बंद नेटवर्कवर, ठरलेल्या वेळेत संदेश पोचलाच पाहिजे अशा सिस्टिमसाठी सी प्लस प्लसमध्ये मॉड्यूल लिहिलं, त्याच्या टेस्ट लिहिल्या, रिव्ह्यूला कागदपत्रं तयार केली.' यात काहीच फुटलं नाही आणि सगळं आलं. आता ही 'बंद नेटवर्क' वाली गोष्ट घे, तुला ती शिक्षा वाटत असेल. मला आठवतं, आमच्याकडे विकासाच्या मशीनला यूएसबीच नव्हतं, म्हणजे होतं पण सील केलेलं, एरर आली की स्टॅक ओव्हरफ्लो ही कोडवाल्यांची प्रश्नोत्तरांची वेबसाइट उघडायला उठून दुसऱ्या इमारतीत जायचं, तिथल्या इंटरनेटच्या मशीनवर वाचायचं, वहीत हातानं उतरवायचं आणि परत यायचं. उन्हाळ्यात दोनदा जाऊन आलं की तिसऱ्यांदा आपोआप मॅन्युअल उघडलं जायचं. कंपायलरचा मेसेज पूर्ण वाचायची सवय मला तिथे लागली आणि ती बाहेरच्या पोरांना नसते, हे मी रिटायर झाल्यावर भाच्याला कोड करताना बघितलं तेव्हा कळलं. तू दोन वर्षं इंटरनेटशिवाय कोड लिहिलायस. हे इंटरव्ह्यूत सांग.

गिटहबचं मात्र तुला करावंच लागेल, त्याला पर्याय नाही. ऑफिसच्या कामाशी दूरदूरचा संबंध नसलेलं काहीतरी घे, आपली बसची वेळापत्रकं घे, कळमना बाजारातले संत्र्याचे भाव घे, दोन महिने संध्याकाळी बसून एक नीट प्रोजेक्ट टाक, टेस्टसकट, माहितीच्या फाइलसकट. कागदपत्रं लिहायची जी सवय तिथे तुला जाच वाटली तीच इथे उठून दिसेल. आणि फक्त मिहानच धरून बसू नकोस, ऑटोमोबाइल, मेडिकलची यंत्रं, रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या कंपन्या, जिथे सॉफ्टवेअर चुकलं तर माणसाला इजा होते, त्यांना तुझ्यासारखी पोरं लागतात, त्या पुण्या-बंगळुरूला जास्त आहेत. अनुभवाचं पत्र बाहेर पडायच्या आधीच हातात घे, नंतर गेटवर उभं राहून एचआरला फोन लावत बसावं लागतं, आत तर कोणी सोडत नाही.

प्रश्न: सीताबर्डीवर एका ऑफिसात दीड लाखात डिफेन्समध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर लावून देतो म्हणतात, लेटर पण दाखवलं, त्यावर अशोकस्तंभ होता. खरं असेल का?

उत्तर: नाही. आरएसीच्या अर्जाची फी खुल्या गटातल्या मुलांना १०० रुपये असते आणि मुलींना शून्य. दीड लाख कसले? अशोकस्तंभ कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे दहा रुपयांत निघतो. खरी जाहिरात रोजगार समाचारमध्ये येते आणि जीओव्ही डॉट इनवर संपणाऱ्या वेबसाइटवर. पैसे दिले असतील तर लाजू नका, आजच सायबर पोलिसांत जा, १९३० वर फोन करा.

प्रश्न: मुलगा मेलबर्नला सायबर सिक्युरिटीत मास्टर्स करतोय. त्याच्या वर्गातला एक तिथलाच मुलगा ऑस्ट्रेलियाच्या डिफेन्सच्या ग्रॅज्युएट प्रोग्रॅममध्ये लागला, आमच्याचे मार्क त्याच्याहून जास्त आहेत. आमच्याला अर्ज करता येईल का? त्याचे बाबा म्हणतात भारतात असं काही नाहीच.

उत्तर: आत्ता नाही करता येणार, आणि मार्कांचा यात काही संबंध नाही. तिथल्या संरक्षण खात्याचा हा प्रोग्रॅम चांगलाच आहे, ताज्या पदवीधराला घेतात, साधारण वर्षभर वेगवेगळ्या विभागांत फिरवतात, आयटीवाल्यांना आयटीचं काम, पहिल्या दिवसापासून पगार, आणि वर्ष नीट गेलं की तिथेच नोकरी. बराचसा कारभार कॅनबेराला. पण अट पहिलीच, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व. पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, तो पण चालत नाही. नागरिकत्वासाठी तिथे कायदेशीर ४ वर्षं राहायला लागतं, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर. वर सिक्युरिटी क्लिअरन्स, त्यात सगळ्यात खालच्या पातळीलासुद्धा मागच्या ५ वर्षांचा हिशेब तपासतात, त्याच्या वरच्या पातळीला १० वर्षांचा, म्हणजे तुमच्या मुलाची नागपूरची अकरावी-बारावी पण त्यात येईल.

आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, तिकडचं घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करायचा, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळतं पण त्यावर इथली सरकारी नोकरी नाही. तेव्हा हा अर्जाचा प्रश्नच नाही, कोणत्या देशाच्या संरक्षण खात्यात काम करायचं हा आहे, आणि तो त्याच्या बाबांनी नागपुरात बसून सोडवण्यासारखा नाही.

बाबांचं दुसरं म्हणणं मात्र निम्मं बरोबर आहे. इथे एका नावाचा, एका अर्जाचा, वर्षभर फिरवून शेवटी कायम करणारा असा प्रोग्रॅम नाही, वर जे सगळं लिहिलं ते तुकड्यातुकड्यात आहे, कुठे परीक्षा, कुठे एसएसबी, कुठे कॉन्ट्रॅक्ट. माझी स्वतःची तक्रार आहे ती, आम्ही लॅबमध्ये कितीदा बोलायचो की पोराला आधी तीन सेक्शन फिरवा, मग ठरवा कुठे बसवायचं. पण काम कमी नाही हो. बंगळुरूची एआय आणि रोबोटिक्सची लॅब १९८६ ची आहे, आज सगळे एआय एआय करतायत त्याच्या किती आधीची बघा. २०२० मध्ये तर पाच यंग सायंटिस्ट लॅब काढल्या, तिथे डायरेक्टरसकट सगळे पस्तिशीच्या आतले, त्यातली बंगळुरूची पुन्हा एआयचीच. मुलाला सुट्टीत इकडे येऊ द्या आणि आला की एकदा माझ्याकडे पाठवा. त्याच्या मास्टर्सच्या मार्कशीटसोबत इथल्या बीईची पण आणायला सांगा आणि गेट दिली आहे का तेवढं विचारून ठेवा.